आंबट-ओले: एका पावसाळ्यातल्या धुण्याच्या नोंदी

२६ मे २०२५, सोमवार

पाऊस आला. मुंबईत तो ११ जूनच्या आसपास धरतात, यंदा हवामान खात्याने आजच जाहीर करून टाकला. सकाळी गॅलरीत टाकलेल्या चार चादरी आईने एकटीने ओढून आत आणल्या आणि सोफ्याच्या पाठीवर पसरल्या. संध्याकाळी कुलूप उघडलं तर दारातच तो वास. कुबट म्हणावा तर कुबट, आंबट म्हणावा तर आंबट. गेली चार वर्षं जून ते सप्टेंबर आमचं घर असंच असतं. यंदा मे मध्येच सुरुवात.

माझी बायको मनीषा म्हणाली, "कंपनीत एवढाल्या मशिनींची लॉगबुकं भरतोस, घरच्या एका मशीनची पण भर की." म्हणून ही वही.

परिस्थिती अशी. भांडुप पश्चिम, चौथा मजला, वन बीएचके, माणसं चार. मशीन टॉप लोड, साडेसहा किलोचं, आठ वर्षं झाली. गॅलरी पश्चिमेला, तीन फूट रुंद, आणि पावसाचा झोडपा नेमका तिकडूनच. धुणं एक दिवसाआड. तक्रारी चार: वास, पांढऱ्या कपड्यांवर काळे कण, पापडासारखे कडक टॉवेल, आणि आमच्या मुलाचा, चिन्मयचा, पीटीचा टी-शर्ट, जो धुतल्यावरही धुतलेला वाटत नाही.

आईचं निदान: ऊन नाही. मनीषाचं निदान: मी आणतो ती पावडर. माझं निदान अजून काही नाही.

१ जून, रविवार

काळ्या कणांपासून सुरुवात, कारण ते निदान दिसतात तरी.

आई म्हणाली, मोरी घासायचं ॲसिड ओत थोडं. नाही. मशीनमध्ये आधीच्या क्लोरीनवाल्या ब्लीचचा अंश असला आणि त्यावर ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, आणि आमच्या मोरीला खिडकी म्हणून एक फूटभर झडप आहे. त्याऐवजी गिझरचं कडकडीत पाणी चार बादल्या, त्यात दोनशे ग्रॅम सोडियम परकार्बोनेट. ऑनलाइन 'ऑक्सिजन ब्लीच' म्हणून मिळतं ते हेच. पाण्यात गेलं की त्याचा धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतो. गार पाण्यात ते नुसतं बसून राहतं, चाळीस अंशांच्या वर कामाला लागतं. पाच मिनिटं फिरवलं, बंद केलं, दोन तास तसंच ठेवलं.

झाकण उघडलं तर पाण्यावर चहाच्या चोथ्यासारखे काळे पापुद्रे. एक बोटावर घेतला, चिमटीत चुरडला तर बुळबुळीत, साबणासारखा. म्हणजे ही माती नव्हेच. आठ वर्षांत ड्रमच्या मागच्या बाजूला साठलेली पावडर, कपड्यांचा मळ आणि त्यावर वाढलेली बुरशी. आपण ज्या भांड्यात कपडे धुतो ते भांडं आपण कधीच घासलेलं नाही. चाळणीने पापुद्रे काढले, अर्धी वाटी भरली. पुन्हा तेच केलं, पाव वाटी. तिसऱ्यांदा पाणी जवळपास स्वच्छ.

मनीषाला वाटी दाखवली. तिने जेवणाआधी दाखवायला नको होती असं सांगितलं.

आजपासून नियम: धुणं झालं की मशीनचं झाकण उघडं. लिंटची, म्हणजे कपड्यांचे सुटलेले तंतू अडकतात ती, जाळी दर वेळी धुवायची.

४ जून, बुधवार

टॉवेलची परीक्षा. धुऊन वाळलेला, घडी घातलेला टॉवेल बादलीभर कोमट पाण्यात टाकला. पावडर शून्य. हाताने चार वेळा खळबळला. बादलीवर बोटभर फेस!

म्हणजे दर वेळी बरीच पावडर कपड्यातच राहते. तीच टॉवेलला कडक करते, आणि तीच जंतूंना खाऊ घालते.

पुडक्यावरचं माप कुणासाठी आहे ते बघायला हवं. जड पाण्याला पावडर जास्त लागते, कारण त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी झटापट करण्यातच बरीच खर्ची पडते. आपल्याकडे येतं ते तानसा, भातसा, वैतरणेचं पाणी, म्हणजे साठवलेला पाऊसच, बऱ्यापैकी मृदू. शुद्ध होतं तेही इथेच, आमच्या भांडुप संकुलात. त्यामुळे माप निम्मं केलं. दोन चमच्यांऐवजी एक. खळबळणं एकदा जास्तीचं. सोसायटीत टँकर आला असेल त्या दिवशी मात्र बोअरचं पाणी असू शकतं, त्या दिवशी फेस बसतो. तेव्हाच दीड चमचा.

टॉवेलला कम्फर्टसारखं सुवासिक कंडिशनर आजपासून बंद. त्याचा थर धाग्यावर बसतो, टॉवेल हाताला मऊ लागतो आणि अंग पुसायला निरुपयोगी होतो. मनीषाने याला विरोध नोंदवला आहे.

८ जून, रविवार

आज वजनं. बॅग तोलायचा हुकाचा काटा आहे, विमानप्रवासासाठी घेतलेला, वापर एकदाच झालेला. टोपलीत भरून तोललं:

कोरडं धुणं ३.९ किलो. मशीनमधून पिळून निघाल्यावर ६.३ किलो.

म्हणजे दर धुण्यामागे आम्ही २.४ लिटर पाणी घरात आणून दोरीवर टांगतो. ते जाणार कुठे, हा प्रश्न आम्ही कधी विचारलाच नाही.

मग नुसतं स्पिन, सहा मिनिटं, पुन्हा. ६.० किलो. तीनशे मिली आणखी निघालं. तिसऱ्यांदा केलं तर पन्नास मिली, म्हणजे तिसऱ्यांदा करण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्यांदा करण्यात आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६७ युनिट उष्णता लागते, ती कुठून तरी यावीच लागते. तीनशे मिलीला साधारण ०.२ युनिट. मशीनने तेच पाणी सहा मिनिटांत ०.०३ युनिटमध्ये फेकलं. पाणी उडवण्यापेक्षा फेकणं स्वस्त.

दुसऱ्या स्पिनआधी कपडे हाताने सोडवून पुन्हा सारखे पसरायचे. नाहीतर सगळे टॉवेल एका बाजूला जातात आणि मशीन मोरीतून चालत दारापर्यंत येतं.

खंत: कपड्यांचं खरं कोरडं वजन माझ्याकडे नाही. मे महिन्याच्या कडक उन्हात एकदा तोलून ठेवायला हवं होतं. पाऊस पंधरा दिवस आधी आला आणि ती संधी गेली. 'कोरडं ३.९' हे जूनच्या दमट कपाटातलं वजन आहे.

१४ जून, शनिवार

तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक आणला. कंपनीत कुठलंही मापक तपासल्याशिवाय लावत नाही, मग घरात का? मिठाची पद्धत: बाटलीच्या झाकणात मीठ, वर पाण्याचे थेंब, ओल्या वाळूसारखं होईपर्यंत. विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं. ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. सकाळी मापक ७१ दाखवत होतं. म्हणजे याच्या आकड्यात चार मिळवायचे. मागे पेनाने +४ लिहून ठेवलं.

आत्ता हॉलमध्ये ८१ + ४. बाहेर त्याहून थोडी जास्त.

२१ जून, शनिवार

फसलो. आणि अगदी हुशारीने फसलो.

विचार असा केला: बाहेरची हवा ओली, ती आत येऊ नये म्हणून बेडरूमच्या खिडक्या बंद. दोन दोऱ्यांवर सगळं धुणं, वर पंखा पाचवर, दार लावून. आम्ही चौघे हॉलमध्ये झोपलो. आईची कुरकूर, मनीषाची कुरकूर, चिन्मयला मजा.

सकाळी दार उघडलं आणि वासाची भिंतच अंगावर आली. मापकावर ९१, म्हणजे ९५. टी-शर्ट अजून सर्द. कपाटाच्या आतल्या बाजूला लटकवलेल्या माझ्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी लव. चिन्मयने शर्ट नाकाशी नेला आणि नुसता माझ्याकडे बघत राहिला.

२२ जून, रविवार

काल काय झालं त्याचा हिशेब.

३० अंशांना हवेच्या एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम पाणी मावतं. हवा आधीच ८५ टक्के भरलेली असेल तर उरते जागा साडेचार ग्रॅमची. आमची बेडरूम दहा बाय अकरा, उंची साडेनऊ, म्हणजे ३० घनमीटरच्या आत. सगळ्या खोलीतली हवा मिळून १३५ ग्रॅम पाणी पिऊ शकते. एक कप चहासुद्धा नाही. आणि मी तिथे सव्वादोन लिटर टांगलं, खिडक्या लावल्या, आणि पंखा लावून तीच पोट भरलेली हवा रात्रभर कपड्यांवरून फिरवली.

सव्वादोन लिटर घालवायचे तर खोलीतली हवा सोळा-सतरा वेळा बदलायला हवी. तीही तेवढ्याच आर्द्रतेच्या हवेने.

वासाचं म्हणाल तर जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये त्याचा मुख्य आरोपी पकडलेला आहे, मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जंतू. माणसाच्या त्वचेवर असतो, धुण्यातून वाचतो, आणि कापड ओलं राहिलं की उरलेल्या घामा-तेलावर जगून ते आंबट द्रव्य सोडतो. कपडा वाळला की त्याचं काम थांबतं. पुन्हा भिजला की पुन्हा सुरू. म्हणून इस्त्री करून नेलेला शर्ट ट्रेनमध्ये घाम आल्यावर घाटकोपरच्या आधीच वास मारायला लागतो.

म्हणजे खरी शर्यत तासांची आहे. ऊन असो नसो, किती तासांत वाळतं ते महत्त्वाचं. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या लालबागच्या खोलीत ऊन कधी येत होतं रे?"

२९ जून, रविवार

तीन सारखे टॉवेल, प्रत्येकी ४१० ग्रॅम, पिळून ६५० ते ६६० च्या दरम्यान. एक गॅलरीत, एक हॉलमध्ये पंख्याखाली खिडक्या उघड्या ठेवून, एक बेडरूममध्ये पंख्याखाली दार-खिडक्या बंद. तीन तासांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर:

हॉल ४९५. बेडरूम ५६०. गॅलरी ५८५.

गॅलरी शेवटची! आईला पटेना, तिने स्वतः पुन्हा तोलायला लावलं. आज बाहेर वारा पडलेला होता. हलणाऱ्या दमट हवेपुढे न हलणारी बाहेरची हवा हरते. कपड्याला चिकटून जो ओल्या हवेचा पातळ थर बसतो तो झटकला गेला पाहिजे, बाकी आकाश दिसो न दिसो.

मग स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू केला. तो पूर्वेला आहे. गॅलरीचं दार चार बोटं उघडं. आता हवा पश्चिमेकडून आत येते, हॉलमधल्या दोऱ्यांमधून जाते, स्वयंपाकघरातून बाहेर पडते. उदबत्ती लावून पाहिलं, धूर सरळ फोडणीच्या दिशेने. मध्ये फ्रिज आहे, चार माणसं आहेत, गॅस आहे, त्यामुळे आतली हवा बाहेरपेक्षा दोन-तीन अंश गरम. आणि गरम झालेली हवा जास्त पाणी पिते. बाहेर २७ अंश आणि ८८ टक्के असलेली हवा आत ३० ला आली की ७४ टक्क्यांवर उतरते. पावसाळ्यात घराघरांतल्या बायका मोजे फ्रिजच्या मागे का टाकतात त्याचं हे उत्तर.

आईने यावर कोकणातली आठवण काढली. बाळाची दुपटी पावसाळ्यात शेगडीवर टोपली उपडी घालून तिच्यावर टाकायचे. निखारा मंद, टोपलीला भोकं, खालून वर जाणारी गरम हवा. यात आणि लाँड्रीतल्या ड्रायरमध्ये फरक फिरण्याचाच.

७ जुलै, सोमवार

काल आषाढी, आज पारणं. वरणाची वाटी चिन्मयच्या पांढऱ्या शर्टावर. मी ऑफिसला, आईने साबण लावला आणि डाग लालभडक झाला. तिला वाटलं आणखी काही सांडलंय. हळदीतलं कर्क्युमिन साबणाच्या अल्कलीत लाल होतं, आणि साबण धुऊन गेला की पुन्हा पिवळं. घाबरायचं कारण नाही.

गरम पाणी लावलं नाही. तेल आहे म्हणून आधी भांड्याचा साबण, मग पावडर, मग गॅलरीत ग्रिलला लागून उजेडात. हळद उजेडात टिकत नाही. ऊन नव्हतं, नुसतं पांढुरकं आकाश, तरी बुधवारपर्यंत डाग दिसेनासा झाला (ही भर बुधवारी घातली). आईचं ऊन इथे कामाला आलं, तिला तसं कळवलं आहे. (रक्त, दूध, अंडं यांना मात्र गार पाणीच. गरम पाण्याने प्रथिनं कापडात शिजून बसतात.)

१२ जुलै, शनिवार

दोन भानगडी.

एक: तिसऱ्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. आमच्या ग्रिलमधून त्यांच्या वाळवणावर ठिबकतं. बोलणं गोड, चेहरा नाही. दुसऱ्या स्पिनमुळे आता ठिबकत नाही हे मी काट्यावरच्या आकड्यांसकट सांगायला लागलो, मनीषाने मागून चहा विचारला आणि विषय मिटवला.

दोन: छताला लावायची दोरी-पुलीची दांडी बसवून घेतली होती. काल रात्री अकराला एका बाजूचा हुक स्लॅबमधून निघाला. ओल्या चादरींसकट दांडी खाली, आईच्या अंथरुणापासून हातभर. बसवणाऱ्याने भोक गिलाव्यात पाडलं होतं, काँक्रीटपर्यंत गेलंच नव्हतं. ड्रिलची भुकटी पांढरी पडली होती, मीच उभा होतो बघत, काँक्रीटची करडी पडायला हवी होती. कंपनीत असं काम पास केलं असतं का? आज मीच पुन्हा बसवली, खोल अँकर घालून, आणि चाळीस किलो तांदळाच्या गोणी टांगून पाहिली. (गोण्या शेजाऱ्यांकडून. त्यांना कारण सांगितलं नाही.)

या सगळ्यात आई उठली आणि जुनी नारळाची दोरी काढून आणली. दुहेरी, पीळ घातलेली. महालक्ष्मीच्या धोबीघाटावर असतात तशी: चिमटा लागत नाही, पिळाच्या दोन पदरांत कपड्याचं टोक खोवलं की झालं. पण त्यातली खरी गोष्ट तिने हाताने दाखवली. टोकाला अडकवलेला शर्ट एका थरात लोंबतो. आम्ही दांडीवर मधोमध दुमडून टाकतो, म्हणजे दोन थर एकमेकांना चिकटून, आत हवा नाही. आणि टाकण्याआधी तिने प्रत्येक कपडा झटकला. नुसता फडफडवला नाही, मनगटातून असा फटका की आवाज यावा. त्या फटक्याने सुरकुत्यांमध्ये चिकटलेले पदर सुटतात, चार थेंबही उडतात. माझ्या झटक्याला आवाज येत नाही. तिने दोनदा करून दाखवलं, तरी नाही.

तोलून पाहिलं: दुमडून टाकलेला आणि टोकाला लावलेला, दोन सारखे बनियन. टोकाला लावलेला एक तास दहा मिनिटं आधी वाळला. वही आईकडे द्यावी लागणार.

जीन्ससाठी यावरून सुचलं: उलटी करून, कंबर वर, पट्ट्याच्या लूपना चार चिमटे लावून कंबर गोल उघडी ठेवायची. नळीसारखी उभी राहते, आत हवा जाते. खिसे बाहेर काढलेले. खिसे आणि कमरेची शिवण सर्वांत शेवटी वाळतात, हात तिथेच लावून पाहायचा. पोटरीला हात लावून 'वाळली' म्हणणं ही फसवणूक.

२० जुलै, रविवार

एसीची परीक्षा. बेडरूमचा एक टनाचा. त्याची नळी खिडकीबाहेर जाते ती ओढून बादलीत सोडली. मापाचं भांडं स्वयंपाकघरातलं.

ड्राय मोड, एक तास: ४५० मिली. नाव ड्राय असलं तरी पंखा मंद आणि कॉम्प्रेसर उठबस करत होता. मग कूल, २६ वर, कपड्यांवर टेबलफॅन तिरका: पुढच्या तासात १.१ लिटर. बादलीत थेंब पडताना बघत बसलो होतो. कालपर्यंत जे पाणी कपाटात जाऊन बसत होतं, ते हे. इथे मात्र खिडक्या बंदच हव्यात, जूनमधली चूक इथे बरोबर ठरते, कारण पाणी खोलीबाहेर काढणारं यंत्र आत आहे.

हिशेबाने तीन तासांत धुणं वाळायला हवं, लागले पाच. पहिला तास भराभर, शेवटचा पाव लिटर शिवणींमधून रडतखडत. पॅसेजमधल्या मीटरवर साडेतीन युनिट गेले. रोज परवडणार नाही. गणवेश उद्याच हवा असेल त्याच रात्री.

एसीतून निघालेल्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, ते वाफेच्या इस्त्रीत टाकतो.

३ ऑगस्ट, रविवार

पीटीचा टी-शर्ट. बाकी सगळ्यांचा वास जुलैत गेला, याचा जात नव्हता. तो पॉलिस्टर आहे. पॉलिस्टर पाणी धरत नाही पण अंगाचं तेल घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे तो सर्वांत आधी वाळतो आणि सर्वांत जास्त वास मारतो. गेले तीन रविवार: उलटा करून, हाताला सोसवेल त्याहून जरा गरम पाणी, परकार्बोनेट एक चमचा, अर्धा तास, मग नेहमीच्या धुण्यात. आधी आतल्या शिवणीवर रंग उतरतो का पाहिलं. (आईच्या रेशमी आणि लोकरी कपड्यांना हे कधीही नाही.)

आज चिन्मयने स्वतः हुंगून पाहिला आणि काही न बोलता घातला. याहून मोठं प्रमाणपत्र सातवीतला मुलगा देत नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून धो धो. शाळांना सुट्टी, माझी लोकल नाही, सगळे घरी. हॉलमध्ये ८९ + ४. पूर्वेच्या एक्झॉस्टमधूनही पाणी आत मारतंय, तो बंद. धुणं आज नाही, एवढाच शहाणपणा. मळके कपडे मशीनमध्ये कोंबून ठेवायचे नाहीत, दोरीवर मोकळे टाकायचे. ओले मळके कपडे बंद ड्रममध्ये एक दिवस म्हणजे जूनपासूनच्या कामावर पाणी.

चिन्मयला विचारलं, वहीत काय लिहू? "पाऊस जिंकला."

२४ ऑगस्ट, रविवार

बुधवारी गणपती. आईची फर्मानं: पडदे, चादरी, अभ्रे, सोफ्याची कव्हरं, सगळं. एका दिवसात नाही झेपणार, पाण्याचा हिशेब सांगितला. आठ लिटर टांगायचे तर चार दिवस. म्हणून गुरुवारपासून एकेक लोड, आज चौथा. चादर दोन दोऱ्यांवर, मधे फूटभर अंतर, म्हणजे दोन बाजू एकमेकींना लागत नाहीत. एका दोरीवर टाकलेली चादर म्हणजे आतून ओली पाकिटं.

पडदे शेवटचे, आणि ते दोरीवर नाहीच. दुसऱ्या स्पिननंतर थेट पडद्याच्या दांडीवर चढवले, खिडकी उघडी, पंखा. आपल्याच वजनाने सरळ झाले, इस्त्रीही वाचली. हे मात्र मनीषाचं.

इस्त्रीवाल्याकडून आलेली घड्यांची चवड गरम असतानाच कपाटात टाकायची नाही. आत वाफ असते. पंधरा मिनिटं खुर्चीच्या पाठीवर मोकळी. कपाटात ओल शोषून घेणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडचा डबा ठेवलाय, महिन्यात त्याच्या तळाशी तीन बोटं पाणी. पट्टा पुन्हा पांढरा झाला नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

विशेष काही नाही. सरासरी वाळण्याचा वेळ: जूनमध्ये दीड दिवस, आता दहा-अकरा तास. वही लिहायचा कंटाळा आला आहे, तो एक पुरावाच.

१२ ऑक्टोबर, रविवार

ऊन. ते ऑक्टोबरचं, टाळूवर बसणारं. मापकावर ४४ + ४, तेही दुपारी.

माझी निळी जीन्स आज सकाळी गॅलरीत टाकली, दोनला काढली आणि गरम असतानाच तोलली. ६५२ ग्रॅम. वहीत मागे जाऊन पाहिलं: १० ऑगस्टला, 'पूर्ण वाळली' अशा शेऱ्यासकट, ६८८. तेव्हा हाताला वाळलीच होती, खिसेसुद्धा. सुती कापड हवेतलं पाणी स्वतःहून धरून ठेवतं, हवा जितकी दमट तितकं जास्त. म्हणजे जूनपासून जी प्रत्येक वजावट केली ती चुकीच्या पायावरून, पाच टक्क्यांनी. ३.९ किलोचं धुणं खरं ३.७ च्या आसपास होतं आणि कपाटात नेऊन ठेवलेल्या 'कोरड्या' घड्यांत दर वेळी दोनशे मिली पाणी होतं.

समासात लाल पेनाने दुरुस्त्या करत बसलो होतो. आईने जीन्स उचलली, उलटी होती ती सरळ केली, एकदा झटकली. फटाका फुटावा तसा आवाज.

"घडी घालू की अजून तोलायचीय?"